कार्यशाळा ठेवा, पण आधी तक्रारीचा निकाल लावा

वाचकाचं पत्र:

मी साधारण पावणेदोनशे माणसांच्या एका संस्थेत एचआर सांभाळते. आमच्याकडे वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं काम करतात. गेल्या महिन्यात एका बैठकीत पडद्यावर काहीतरी दाखवायचं म्हणून दिवे घालवले, तेव्हा एक वरिष्ठ आमच्या एका काळ्या सहकाऱ्याचं नाव घेऊन म्हणाले, ‘अरे, हा कुठे गायब झाला? जरा हसून दाखव, म्हणजे कळेल.’ खोलीत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी तक्रार दिली. संचालकांचं म्हणणं असं की, कुणा एकावर बोट दाखवायला नको, सगळ्यांसाठीच वंशभेदाविरुद्ध एक दिवसाची कार्यशाळा ठेवू. हजेरी सक्तीची, शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र. ज्या प्रशिक्षकांशी बोलणं चाललंय त्यांनी सुचवलं की, त्या सहकाऱ्याने स्वतःचा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला तर चांगला परिणाम होईल. तो अजून हो-नाही काहीच बोललेला नाही. इकडे बाकीच्यांची कुरकुर सुरू झालीय: ‘आम्ही काय वंशभेदी आहोत का?’, ‘हल्ली काही बोलायची चोरी झालीय.’ मला पंधरा दिवसांत तारीख ठरवून द्यायचीय. असल्या कार्यशाळांचा खरंच उपयोग होतो का? आणि मी आडवी गेले तर मी तक्रारदाराची बाजू घेतेय असं संचालकांना वाटेल, याचीही भीती आहे.

उत्तर:

नमस्कार,

कार्यशाळा ठेवा. पण पंधरा दिवसांत नको, आणि या तक्रारीचं उत्तर म्हणून तर नकोच.

तक्रारीला नाव आहे, तारीख आहे, ठरावीक वाक्य आहे आणि ते ऐकलेली खोलीभर माणसं आहेत. तिचा निकाल चौकशी करूनच लागतो. त्या वरिष्ठांचं म्हणणं लेखी घ्या. बैठकीला हजर असलेल्या चार-सहा जणांना वेगवेगळं बसवून त्यांनी काय ऐकलं ते विचारा. निर्णय अशा माणसाने द्यावा, जो त्या वरिष्ठांच्या हाताखाली नाही आणि त्यांच्या रोजच्या बैठकीतलाही नाही. तो निर्णय तक्रारदाराला कागदावर कळवा. आणि चौकशी चालू आहे तोवर त्या सहकाऱ्याचं मूल्यमापन, रजा, कामाची वाटणी यांतलं काहीही त्या वरिष्ठांच्या सहीवर अडकू देऊ नका. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. मग वार्षिक मूल्यमापनात ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा पडतो आणि तो कुठून आला हे सगळ्यांना माहीत असूनही सिद्ध करता येत नाही.

संचालकांना ‘कुणा एकावर बोट’ नकोय, पण ते वाक्य एकानेच उच्चारलंय. त्यापायी पावणेदोनशे जणांना दिवसभर बसवून ठेवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. या संन्याशांचा राग मग निघतो कुणावर? संचालकांवर निघत नाही, त्या वरिष्ठांवरही नाही. ज्याने तक्रार केली त्याच्यावर निघतो, कारण ‘याच्यामुळे’ दिवस गेला. तुम्ही लिहिलेली कुरकुर म्हणजे त्याचीच सुरुवात आहे. कार्यशाळेची नुसती चर्चा आहे, अजून तारीखही ठरलेली नाही, आणि तो एकटा पडायला लागलाय. ज्यांनी ‘विनोद’ केला ते मात्र त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसतील, इतरांबरोबर माना डोलावतील आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी जातील.

आता त्याने व्यासपीठावरून अनुभव सांगण्याबद्दल. नको. त्याने हो म्हटलं तरी नको. पगार देणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार कितपत मोकळा असतो हे एचआरमध्ये बसून तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्या दिवशी काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. तो बोलेल. सभागृह चिडीचूप होईल. एक-दोघांच्या डोळ्यांत पाणी येईल, टाळ्या वाजतील, प्रशिक्षक ‘किती धाडस लागतं याला’ म्हणतील. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये त्याच्यासमोर माणसं जपून बोलायला लागतील, म्हणजे बोलायचीच बंद होतील. त्याचं काम, त्याचं कसब, त्याचा स्वभाव सगळं मागे पडून तो ‘त्या दिवशी बोलला तो’ एवढाच उरेल. शिवाय चौकशी संपली नसेल तर त्याने भर सभेत सांगितलेला प्रत्येक शब्द पुढे त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो: ‘तक्रारीत असं लिहिलंय आणि तिथे तर तसं म्हणाला.’

उदाहरणं हवीत ना? ती प्रशिक्षकांनी आणावीत, दुसऱ्या ठिकाणची, चार प्रसंग मिसळून बेतलेली. कर्मचाऱ्यांकडून निनावी चिठ्ठ्या मागवण्याची पद्धत आहे, पण तुमच्याकडे ती चालणार नाही. त्याच्या देशातून आलेला तो एकटाच असेल तर नाव झाकून उपयोग काय? पहिल्या दोन ओळींत सगळ्यांना कळेल.

तुमचा मूळ प्रश्न, उपयोग होतो का. थोडा होतो, आणि ज्या कारणासाठी त्या ठेवल्या जातात त्यासाठी फारसा होत नाही. हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत या विषयावर बरीच वर्षं मोजमाप चाललंय. अलेक्झांड्रा कालेव, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ७०८ खासगी आस्थापनांची आकडेवारी मांडली. व्यवस्थापनाच्या पदांवर गोऱ्या स्त्रिया आणि काळ्या स्त्री-पुरुषांचं प्रमाण कशाने वाढतं, हा त्यांचा प्रश्न होता. पूर्वग्रह घालवण्याची प्रशिक्षणं सर्वांत कमी कामाची निघाली. सर्वांत जास्त फरक पडला तो जिथे ही जबाबदारी नाव घेऊन कुणा माणसावर किंवा समितीवर टाकली होती तिथे. २०१६ मध्ये डॉबिन आणि कालेव यांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांच्या तीन दशकांच्या आकड्यांवरून पुन्हा लिहिलं. व्यवस्थापकांना प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर पाच वर्षांनी व्यवस्थापनातल्या काळ्या स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं होतं. जिथे प्रशिक्षण ऐच्छिक होतं तिथे काळे पुरुष, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे) पुरुष आणि आशियाई वंशाचे स्त्री-पुरुष यांचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी वाढलं.

हे आकडे तुमच्या संचालकांच्या टेबलावर जसेच्या तसे आपटू नका. प्रशिक्षण ऐच्छिक ठेवणाऱ्या कंपन्या मुळात जरा समजूतदार असतील, असाही त्याचा अर्थ निघू शकतो. पण कारण समजण्यासारखं आहे. ‘तू सुधारायला हवास’ असं सांगून खुर्चीत बसवलेला माणूस सुधारण्याऐवजी आपण कसे आधीपासून बरोबर आहोत हे मनातल्या मनात सिद्ध करत बसतो. सक्ती, पहारा आणि हजेरीपट असला की तर हमखास.

दुसरं एक खूळ सध्या फार विकलं जातं, ते म्हणजे ‘तुमच्या मनातला छुपा पूर्वग्रह दहा मिनिटांत ओळखा’. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. संगणकाच्या पडद्यावर चेहरे आणि शब्द येतात, भराभर बटणं दाबायची, आणि कोणत्या जोडीला किती मिलिसेकंद लागले त्यावरून कल ठरतो. संशोधनाचं साधन म्हणून ती उपयोगी असेल. पण एकेका माणसावर शिक्का मारायला ती वापरू नये, असं ती चाचणी तयार करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. २०१९ मध्ये ४९२ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा दिसलं की हा छुपा कल थोडाफार हलवता येतो, पण तो हलला म्हणून वागणं बदलतं असं काही आढळत नाही. ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नागरी सेवेतली या प्रकारची प्रशिक्षणं बंद करायचं ठरवलं. त्यामागे राजकारणही होतं, ते सोडा. पण तुमचे प्रशिक्षक अर्धा दिवस या चाचणीवर घालवणार असतील तर तो अर्धा दिवस वाचवा.

प्रशिक्षणाने काय होतं आणि नियमाने काय होतं, यातला फरक बघायचा असेल तर स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या कंपनीचं प्रकरण बघा. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या एका दुकानात दोन काळे तरुण कुणाची तरी वाट बघत बसले होते. काही विकत घेतलं नाही म्हणून व्यवस्थापकाने पोलीस बोलावले आणि दोघांना बेड्या घालून नेलं. गदारोळ झाला. २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं दुपारी बंद ठेवून सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. बातम्या त्याच्याच झाल्या. पण त्याच महिन्यात कंपनीने आणखी एक गोष्ट केली होती: काही न घेताही कुणीही बसू शकेल, स्वच्छतागृह वापरू शकेल, असा नियम. काउंटरवरच्या माणसाला ‘हा गिऱ्हाईक दिसतोय की नाही’ हे स्वतःच्या अंदाजाने ठरवायची गरजच त्या नियमाने काढून टाकली. जिथे अंदाजाला वाव असतो तिथेच रंग, नाव, बोलण्याची ढब मध्ये येतात. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने तो नियम मागे घेतला. त्या दुपारचं प्रशिक्षण लोकांच्या लक्षात राहिलं, नियम गेल्याचं कितीजणांना कळलं कुणास ठाऊक.

आता ‘आम्ही काय वंशभेदी आहोत का?’ या प्रश्नाकडे या. यातले सगळे कांगावा करतात असं मला वाटत नाही. काहींना खरंच अन्याय झाल्यासारखं वाटतं, कारण वंशभेद म्हणजे मनातला द्वेष एवढाच अर्थ त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या मनात द्वेष नाही. त्यांना दोन अभ्यास सांगा. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे एक. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी असाच प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दलित आणि मुस्लीम आडनावांना, पात्रता तीच असताना, सवर्ण हिंदू आडनावांपेक्षा कमी बोलावणी आली. ते अर्ज चाळणारे लोक काही मोर्चे काढणारे द्वेष्टे नव्हते. टेबलावर ढीग होता, वेळ कमी होता, आणि हात काही नावांवर थांबत होता, काहींवर नाही.

मग प्रश्न कुणाच्या मनात काय आहे असा उरत नाही. आपल्याकडे अर्ज कसे चाळले जातात, असा होतो. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा खून झाला आणि पोलीस तपासाची वाट लागली. त्याच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला. त्याने संस्थात्मक वंशभेदावर बोट ठेवलं ते याच अर्थाने: संस्थेच्या रीती, सवयी आणि बेफिकिरी यांतून एखाद्या गटाला वाईट वागणूक मिळते, आत बसलेल्या प्रत्येकाचा हेतू तसा असो वा नसो. तुमच्या कुरकुरणाऱ्यांना हे पटायला सोपं जाईल, कारण यात त्यांच्यावर चारित्र्याचा आरोप नाही. आणि ‘बोलायची चोरी झालीय’ म्हणणाऱ्याला, चिडून नाही, साधेपणाने विचारा: ‘नेमकं काय बोलता आलं नाही?’ सहसा यादी फार लांबत नाही.

म्हणून दोन-तीन महिन्यांनी, तक्रारीचा निकाल लागल्यावर, कार्यशाळा ठेवाल तेव्हा तिचा विषय काम हा असू द्या. सक्ती करायचीच तर ज्यांच्या हातात भरती, बढती, कामवाटप आणि तक्रारी आहेत त्यांनाच करा. त्यांच्यासाठी हे सुधारणा-शिबिर नाही, कामाचंच प्रशिक्षण आहे, जसं हिशेब ठेवणाऱ्याला नव्या करप्रणालीचं देतात तसं. बाकीच्यांना आमंत्रण द्या, आणि ते कंत्राटी कामगारांनाही द्या. मी अशा कार्यशाळा बघितल्यात जिथे आत समानतेवर व्याख्यान रंगलंय आणि सफाईचं, पहाऱ्याचं काम करणारी माणसं दाराबाहेर स्टुलावर बसलीयत. सर्वांत जास्त टोमणे त्यांनाच ऐकावे लागतात आणि त्यांची तक्रार घ्यायची कुणी, हेही बहुतेक ठिकाणी ठरलेलं नसतं.

दिवसाचा एक भाग तुमच्या स्वतःच्या कागदांवर घालवा. गेल्या दोन वर्षांतले मूल्यमापनाचे शेरे नावं झाकून छापून काढा आणि चौघाचौघांना वाचायला द्या. एकाला ‘ठाम’ म्हटलंय आणि दुसऱ्याला त्याच वागण्यासाठी ‘आक्रमक’, असं सापडतंय का बघू द्या. मुलाखतीचा तक्ता तिथेच तयार करून घ्या. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक परीक्षकाने आपले गुण दुसऱ्याशी बोलण्याआधी कागदावर लिहायचे. ‘आपल्यात बसेल असा वाटला’ याला गुण नाहीत. वाटला म्हणजे काय, ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे. यात कुणी रडत नाही, कुणाला साक्षात्कार होत नाही. पण संध्याकाळी हातात एक तक्ता असतो आणि पुढच्या भरतीला तो वापरता येतो.

दुसरा भाग त्या बैठकीसारख्या क्षणाच्या तालमीवर. तुम्ही लिहिलंय, हशा पिकला. मला वाटतं त्या खोलीत निदान काहीजण मनापासून हसले नसतील. वरिष्ठ हसले म्हणून हसले, किंवा काय करावं सुचलं नाही म्हणून. सुचत नाही हीच अडचण आहे, आणि ती सवयीने सुटते. दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत बसवून वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. बैठक चालवणाऱ्यासाठी एवढं पुरतं: ‘हे इथे नको. पुढचा मुद्दा घेऊ.’ आवाज चढवायचा नाही, भाषण द्यायचं नाही, पण थांबवायचं लगेच. कनिष्ठाला वरिष्ठासमोर एवढं बोलता येणार नाही. त्याने ‘मला कळलं नाही, यात हसण्यासारखं काय होतं?’ एवढं विचारलं तरी विनोदातली हवा जाते. तेही नाही जमलं तर निदान हसायचं नाही. आणि ज्याच्यावर विनोद झाला त्याच्याकडे बैठक संपल्यावर जायचं. तिथे माणसं हमखास म्हणतात, ‘मनावर घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा आहे.’ त्याऐवजी म्हणायचं, ‘मी तिथे होते, मी ऐकलं. तू तक्रार केलीस तर मी काय ऐकलं ते लिहून देईन.’ एकट्याच्या शब्दावर उभी असलेली तक्रार आणि दोन साक्षीदारांची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ही वाक्यं पहिल्या वेळी तोंडात अडखळतात, लोक ओशाळून हसतात. तीनदा म्हणू द्या.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षकांना आधीच बजावून ठेवा: सभागृहात कुणाच्याही अंगावरच्या ओळखीचा खेळ करायचा नाही. एक लोकप्रिय खेळ आहे. सगळ्यांना एका रेषेत उभं करतात आणि ‘ज्यांना कधी रंगावरून बोलणी खावी लागली त्यांनी एक पाऊल मागे’ असं म्हणत जातात. शेवटी मागे कोण उरतं? तुमचा तोच सहकारी, एकटा, भिंतीला टेकून, आणि पुढचे सगळे वळून त्याच्याकडे बघतायत. पुढच्यांना धडा मिळावा म्हणून त्याला फळा करायचा. तसंच १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून निळे आणि तपकिरी अशी विभागणी करून आळीपाळीने एकेका गटाला कमी लेखून दाखवलं होतं. पुढे त्यांनी तो प्रयोग मोठ्या माणसांवरही केला. प्रयोग गाजला आणि का गाजला ते कळतं. पण तुमच्या ऑफिसात, चौकशीच्या सावलीत, पावणेदोनशे जणांना मुद्दाम अपमानाची चव द्यायला मी कुणालाही सांगणार नाही.

प्रशिक्षक निवडताना त्यांची चकचकीत पानं बाजूला ठेवून एकच गोष्ट आधी सांगा: ‘आमच्याकडे एक तक्रार प्रलंबित आहे.’ आणि गप्प बसा. जो म्हणेल ‘आधी ती मिटवा, मग मला बोलवा’ त्याला घ्या, भले त्याचा धंदा दोन महिने लांबला. जो म्हणेल ‘मग तर उत्तमच, त्याच विषयावर घेऊ’ त्याला चहा पाजून पाठवा. सभागृहात कुणी वेडंवाकडं बोललं तर ते काय करणार, आणि मधल्या सुटीत एखादी बाई येऊन नवीनच तक्रार सांगायला लागली तर ती कुणाकडे पोहोचवणार, हेही विचारून घ्या. तुमच्याशी सध्या बोलत असलेल्या प्रशिक्षकांनी तर त्या सहकाऱ्याचं नाव स्वतःहून सुचवलं. बदला त्यांना.

प्रमाणपत्रावर फार बोलायला नको. माणूस दिवसभर खुर्चीत होता एवढंच ते सांगतं. शेवटी भरून घेतात ती ‘कार्यक्रम कसा वाटला’ची पत्रकंही वक्ता किती गोड बोलला तेच मोजतात. त्यापेक्षा सहा महिन्यांनी बघा: तक्रार आल्यापासून निकालापर्यंत किती दिवस गेले, मुलाखतीला बोलावलेल्यांत कोण होते आणि घेतलेल्यांत कोण, सोडून जाणारे कोण आणि ते जाताना काय सांगून गेले. आणि संचालकांना हे आत्ताच सांगून ठेवा की तक्रारींची संख्या आधी वाढेल. दार उघडलं की आत साठलेलं बाहेर येतं. ते आधी सांगितलं नसेल तर चौथ्या तक्रारीला ते म्हणतील, ‘बघा, कार्यशाळेने वातावरण बिघडवलं.’

एकत्र काम केल्याने माणसं जवळ येतात, मग कार्यशाळा कशाला, असंही तुम्हाला कुणी ऐकवेल. त्यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की बरोबरीचा दर्जा, सामायिक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि वरून पाठिंबा असेल तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतो. पण तुमचा सहकारी आणि ते वरिष्ठ एकत्रच काम करत होते. बरोबरीचा दर्जा नव्हता, आणि वरून पाठिंबा होता की नाही ते आता कळेल. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सल्मा मूसा यांचा इराकमधला अभ्यास २०२० मध्ये आला. तिथे विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लीम खेळाडू घातले. मैदानावरच्या मुस्लीम खेळाडूंशी त्यांचं वागणं सुधारलं, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत मात्र ते फारसं पोहोचलं नाही. मिश्र टीम करा, जरूर करा, फक्त तेवढ्यावर विसंबू नका.

संचालकांची भीती तुम्हाला आहे, ती रास्त आहे. तर त्यांच्याशी न्याय-अन्यायाच्या भाषेत बोलायला जाऊ नका, जोखमीच्या भाषेत बोला. एका पानाचं टिपण द्या. त्यात लिहा की लेखी तक्रारीवर चौकशी न करता सर्वसाधारण कार्यशाळा घेतली, तर उद्या प्रकरण बाहेर गेल्यावर संस्थेने तक्रार टाळली असं दिसेल. प्रमाणपत्रं त्यातून वाचवणार नाहीत. चौकशीसाठी अमुक व्यक्ती, अमुक दिवसांत अहवाल, आणि कार्यशाळा त्यानंतर अमुक महिन्यात. कार्यशाळा रद्द करा असं तुम्ही म्हणतच नाही आहात, फक्त क्रम बदलताय. आणि बाजू घेण्याचं म्हणाल, तर नियमाप्रमाणे चौकशी झाली की ती त्या वरिष्ठांच्याही हिताची असते. आत्ता कुजबुजीत त्यांचा निकाल लागूनच गेलाय, आणि त्यांना त्यावर बोलायलाही मिळालेलं नाही. टिपण तोंडी देऊ नका, मेलवर द्या.

तुमच्या पत्रात संचालकांना काय हवंय ते आहे, प्रशिक्षकांना काय हवंय ते आहे, कुरकुरणाऱ्यांचंही आहे. त्या सहकाऱ्याला काय हवंय ते कुठेच नाही. कदाचित त्याला माफी हवी असेल, कदाचित दुसऱ्या टीममध्ये जायचं असेल, किंवा फक्त नोंद व्हावी आणि पुन्हा घडू नये एवढंच. संचालकांना भेटण्याआधी त्याला भेटा. कार्यशाळेत बोलायचा विषय रद्द झालाय हे आधी सांगून टाका, म्हणजे उरलेलं तो मोकळेपणाने बोलेल. तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, तेही स्पष्ट सांगा. ‘मी बघते’ म्हणून सोडू नका. निकाल किती दिवसांत कळवाल ती तारीख द्या. आणि भेट कामाच्या वेळेत ठेवा, पण काचेच्या केबिनमध्ये नको, जिथून सगळा मजला बघत असतो.